बावीस अक्षरांचा पहारेकरी

शाळेत शिपाईकाका सूचनावही घेऊन वर्गावर्गात फिरतात ना? मुख्याध्यापकांच्या खोलीतलं जाड रजिस्टर मात्र जागचं हलत नाही. हवी तेवढी सूचना उतरवून बाहेर जाते. आपल्या पेशीतही असंच चालतं. डीएनए हे रजिस्टर, आणि त्यातला मजकूर घेऊन जाणारा निरोप म्हणजे संदेशवाहक आरएनए. तो वाचून पेशी प्रथिनं बनवते.

पण समजा, वाटेतच कुणी वही अडवली तर? पेशीत असे अडवणारे पहारेकरी असतात! त्यांचं नाव मायक्रोआरएनए. लांबी साधारण २२ अक्षरं. निरोपातल्या जुळणाऱ्या अक्षरांना ते चिकटतात, आणि मग त्या निरोपाप्रमाणे काम होत नाही किंवा फार कमी होतं.

अमेरिकेतल्या व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांनी १९९३ साली हे जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत दाखवलं. पुष्कळांना वाटलं, असेल त्या कृमीचीच काही तऱ्हा! पुढे माणसातही हे पहारेकरी सापडले आणि २०२४ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं.

पहारेकरीच गायब झाला तर काय होतं? वयस्कांना होणारा रक्ताचा एक कर्करोग आहे, क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया. त्यातल्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या रोगट पेशींत १३ व्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो. २००२ साली कार्लो क्रोचे यांच्या प्रयोगशाळेत कळलं, की नेमक्या त्याच तुकड्यात मिर-१५ए आणि मिर-१६ हे दोन पहारेकरी राहतात. बीसीएल-२ हे प्रथिन पेशीला मरू देत नाही; हे दोघे त्याला आवरतात. ते नसले की म्हाताऱ्या पेशी मरतच नाहीत, साठत जातात. आता बीसीएल-२ ला थेट रोखणारं औषधही निघालं आहे, व्हेनेटोक्लॅक्स.

आणखी एक पहारेकरी, मिर-१४६ए, उंदरांतून काढून टाकला तेव्हा त्यांच्या रोगप्रतिकारक पेशी स्वतःच्याच शरीरावर उलटल्या. काहींना पुढे गाठीही झाल्या.

आता आपल्या विदर्भाकडे येऊ. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी लिहिलं होतं. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं-सांधे असे ठणकतात की विचारू नका. थंडीत वर्गातलं एखादं मूल चार-चार दिवस येत नाही, ते उगाच नव्हे.

गंमत अशी, की तान्ह्या बाळाला हा त्रास होत नाही. आईच्या पोटातलं त्याचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, ते काही महिने पुरतं. मग ते टिकवता आलं तर? २०११ साली विजय शंकरन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की १३ वं गुणसूत्र एक जास्त असलेल्या बाळांत ते हिमोग्लोबिन जास्त दिवस राहतं, आणि त्यामागे आपले तेच मिर-१५ए आणि मिर-१६ असावेत! २०२१ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी मायक्रोआरएनएच्याच धर्तीवर कृत्रिम पहारेकरी बनवल्याचं प्रसिद्ध केलं. बाळाचं हिमोग्लोबिन बंद करणाऱ्या प्रथिनाचा निरोप तो अडवतो. सहा रुग्णांच्या स्वतःच्याच पेशींत तो घातला आणि सहाही जणांत ते हिमोग्लोबिन वाढलं. पण सहाच जण, आणि खर्च अफाट. आपल्या गावच्या दवाखान्यात हे एवढ्यात यायचं नाही.

मात्र हायड्रॉक्सियुरिया हे जुनं औषधही तेच हिमोग्लोबिन वाढवतं, अर्थात ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं. पालकांनो, १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. पहिल्या तपासणीला बोटातून काढलेलं थेंबभर रक्त पुरतं. आई आणि वडील दोघेही वाहक असले, तर दोघांना काहीच त्रास नसतानाही प्रत्येक बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते.