खुराड्यातले मानापमान

कोंबडीला मूर्ख समजण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. ज्यांनी कोंबड्या केवळ ताटात पाहिल्या, त्यांचे असे मत असल्यास नवल नाही. पण ज्याने परसदारी चार कोंबड्या पाळल्या, त्याला दोन महिन्यांत कळून चुकते की, या बाया भित्र्या असतील, भांडकुदळही असतील. परंतु कोणाचा मान पहिला आणि कोणाचा शेवटचा, याबाबतीत त्या लग्नघरातल्या वरमाईपेक्षाही काटेकोर असतात.

थोर्लाइफ श्येल्डेरुप-एब्बे या नॉर्वेजियन गृहस्थाने लहानपणापासून कोंबड्यांवर पाळत ठेवली आणि १९२२ साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. कोण कोणाला टोचते आणि कोण मुकाट्याने टोचून घेते, एवढे टिपून ठेवले की साऱ्या खुराड्याची उतरंड डोळ्यांपुढे उभी राहते, असे त्याला आढळले. ही उतरंड वाटते तितकी दुष्ट नाही. ती एकदा ठरली की भांडणे कमी होतात. वरचीने नुसती मान उंचावली की खालची बाजूला सरते. रक्त सांडायचे कारण उरत नाही. खरी पंचाईत होते ती एखादी कोंबडी काही दिवस नाहीशी होऊन परत आली म्हणजे. तोवर तिची जागा भरून गेलेली असते!

अलिबागजवळच्या आमच्या घरी आठ कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. त्यांतली कबरी मानाने दुसरी. पहिला मान काळीचा. गेल्या वर्षी श्रावणात भर दुपारी मुंगसाने कबरीला मानेपाशी धरले. कोंबड्याच्या आरडाओरड्याने आम्ही धावलो म्हणून ती वाचली. पण अर्धा तुरा गेला आणि मानेवरची पिसे उपटली गेली. मिठाच्या कोमट पाण्याने जखम धुऊन, हळद लावून तिला पडवीत, पेंढा घातलेल्या डालग्यात ठेवले. सोळा दिवसांत जखम सुकली. मनातली भीती मात्र सुकेना. कोणाची सावली पडली की ती कोपऱ्यात अंग चोरून बसे. अंडी तर बंदच.

शेजारचे भाऊ व्यवहारी गृहस्थ. ते म्हणाले, "अहो, आता हिचा काय उपयोग? रविवारी तुमच्याकडे पाहुणे येणारच आहेत!" हे नेमके आमच्या नातीने ऐकले. ती काही बोलली नाही. पण दुपारचे ताट तिने तसेच सारून ठेवले. तेव्हा दिवाळीपर्यंत कबरीला कोणी हात लावायचा नाही, असे घरात ठरले. त्यानंतरही ती डालग्यातच बसून राहिली असती, तर माझ्याजवळ भाऊंना द्यायला उत्तर नव्हते.

परसाच्या एका कोपऱ्यात जाळी ठोकून कबरीला पलीकडे ठेवले. दिसावे, ऐकू यावे, पण चोच पोचू नये, हा हेतू. पहिल्याच दिवशी काळी परसाच्या त्या टोकापासून पिसे फुलवून धावत आली आणि जाळीवर अशी टोच मारली, की मधे जाळी नसती तर काय झाले असते ते सांगायला नको. जणू ही कोण परकी! १९५३ साली गूल आणि ऑर्टमन या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले होते की, कोंबड्या एकमेकींना मुख्यतः डोक्यामानेवरून ओळखतात. तेथले रूप बदलले की ओळखीचीही परकी ठरते. आमच्या कबरीचे तर नेमके तेच रूप पालटले होते.

दोन्ही बाजूंना एकाच वेळी, जाळीला लागून कणी टाकायची, हा नेम आम्ही दहा दिवस चालवला. मी उकिडवा बसून, हळू बोलत कणी टाकी. कारण वरून येणारी हालचाल कोंबडीला घारीसारखी वाटते. पाचव्या दिवशी काळीने जाळीचा नाद सोडला. सहाव्या दिवशी सर्वांत गरीब स्वभावाची पिवळी कबरीच्या सोबतीला आत सोडली. एकटीने परतण्यापेक्षा एक मैत्रीण बरोबर असली की निम्मे काम होते. पिवळी धुळीत अंग घुसळू लागली आणि थोड्या वेळाने कबरीही तिच्याशेजारी धुळीत लोळली. सोळा अधिक सहा, बावीस दिवसांनी!

मग जाळी काढली. पण त्याआधी काळीला चार दिवस डालग्याखाली ठेवले. दांडगाई करणारीला बाजूला काढणे ही शिक्षा नव्हे, युक्ती आहे. चार दिवसांनी ती परतते तेव्हा तिलाच आपली जागा चाचपावी लागते, दुसरीवर धावून जायला तिला फुरसत कुठली? दाण्यापाण्याची भांडी वाढवून लांब लांब मांडली, लाल माठाची जुडी दोरीने टांगली आणि आडोशाला दोन फळ्या उभ्या केल्या.

रात्री गुपचूप दांडीवर नेऊन बसवावे, असे पुष्कळजण सांगतात. सल्ला चांगला आहे. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, म्हणून भांडण होत नाही. परंतु पहाटे सगळे हिशेब निघतात, तेव्हा उजाडताना माणसाने तेथे असलेच पाहिजे. आमच्या सौभाग्यवती सलग पाच दिवस चहाचा पेला घेऊन तेथे उभ्या राहत. किरकोळ टोचाटोचीत त्या पडल्या नाहीत, कारण त्यातूनच उतरंड ठरते. रक्त दिसले तर मात्र क्षणभरही थांबू नये. लाल रंग दिसला की बाकीच्याही तेथेच चोच मारतात. तिसऱ्या दिवशी काळी अंगावर आली तेव्हा कबरी पळाली नाही. मान खाली घालून बाजूला सरली. काळी तशीच पुढे निघून गेली. पळणाऱ्याचा पाठलाग होतो, हा न्याय खुराड्यातही आहे.

कबरीला तिचा दुसरा क्रमांक परत मिळाला नाही. आता ती सहावी आहे. नातीला हा अन्याय वाटतो. कबरीला तसे वाटत असल्याचे दिसत नाही. दसऱ्यापासून ती रात्री पिवळी आणि तांबडी यांच्या मधे, दोघींच्या उबेत दांडीवर झोपते. पौषात तिने पुन्हा अंडी द्यायला सुरुवात केली.

भाऊ अजून आठवड्याला सहा अंडी नेतात. त्यांतले कबरीचे कोणते, हे मी त्यांना सांगत नाही.