लहान जठर आणि घरचा आग्रह

अतिस्थूलतेवर उपाय म्हणून केल्या जाणाऱ्या ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकण्यात येतो. त्यानंतर रुग्णाचे जेवण काही घासांतच आटोपते, आणि घरच्यांना नेमके हेच पाहवत नाही. ‘आणखी एक घास घ्या’ हा आपल्याकडील प्रेमाचा आग्रह येथे ओकारीस कारण ठरतो.

सुरुवातीचे सुमारे दोन आठवडे केवळ द्रव आहार असतो. मग घोटलेले वरण, मऊ खिचडी, आणि पोळी-भाकरी साधारणतः दीड-दोन महिन्यांनी. जठरात जागा थोडी, म्हणून पहिला मान प्रथिनांचा. ती दिवसाकाठी किमान ६० ग्रॅम लागतात. तेव्हा भाताआधी पनीर, अंडे वा उसळ खावी. पाणी जेवणासोबत न घेता अर्ध्या तासाने, घोटघोट प्यावे.

वजन उतरले की गोळ्या बंद करण्याचा मोह होतो. तो घातक होय. ब-१२ जीवनसत्त्व, लोह व कॅल्शियम यांची उणीव कित्येकदा काही वर्षांनी प्रकट होते. म्हणून गोळ्या व रक्ततपासणी जन्मभराची. वांत्या थांबत नसतील, तर मात्र एक दिवसही न दवडता डॉक्टरांना गाठावे. ब-१ जीवनसत्त्व घटून मज्जातंतूंना कायमची इजा पोचू शकते.