माजी विद्यार्थी कोणास म्हणावे?

दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत जिल्ह्याजिल्ह्यांतील वृत्तपत्रे चाळली, तर एक बातमी हमखास आढळते. अमुक शाळेच्या अमुक सालच्या दहावीच्या तुकडीतील विद्यार्थी तीस किंवा चाळीस वर्षांनी एकत्र जमले. प्रार्थना झाली, पुन्हा हजेरी घेतली गेली, निवृत्त गुरुजनांना शाल-श्रीफळ देण्यात आले आणि शाळेला पाणी शुद्ध करण्याचे यंत्र भेट मिळाले. छायाचित्रात पन्नाशी ओलांडलेले चेहरे बाकांवर दाटीवाटीने बसलेले दिसतात. ही प्रथा आता केवळ पुण्या-मुंबईच्या नामांकित शाळांपुरती राहिलेली नाही. ती खेड्यापाड्यांत पोहोचली आहे, आणि म्हणूनच तिचा थोडा गंभीरपणे विचार करणे अगत्याचे आहे.

या विचारासाठी अकोले तालुक्यातील राजूर डोळ्यांसमोर ठेवावे. कळसूबाई, रतनगड व हरिश्चंद्रगड यांच्या परिसरातील वाड्यावस्त्यांचे हे बाजाराचे गाव. डांगी जनावरांच्या प्रदर्शनासाठी ते प्रसिद्ध आहे आणि एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे एक कार्यालयही येथे आहे. इंग्रजी सत्तेविरुद्ध उठाव करणारे राघोजी भांगरे याच मुलखातील देवगावचे. सत्यनिकेतन संस्थेच्या सर्वोदय विद्या मंदिरासारख्या शाळांमुळे या पट्ट्यातील महादेव कोळी व ठाकर कुटुंबांच्या मुलांना माध्यमिक शिक्षण आवाक्यात आले. अशा ठिकाणी एका वर्गात बसणे म्हणजे डोंगरातल्या वाडीवरील मुलाने बाजारपेठेतील मुलाशेजारी बसणे होय. शहरातील वस्त्या जे घडू देत नाहीत, ते अशा शाळेच्या बाकावर सहज घडत असे.

जुने वर्गमित्र जमले की गप्पा अभ्यासाच्या होत नाहीत; त्या स्नेहसंमेलनाच्या होतात. अमेरिकेतील हायस्कुलांत मुलामुलींच्या सहनृत्याची रीत आहे. १९५० च्या दशकात तेथे व्यायामशाळेच्या लाकडी फरशीला ओरखडे पडू नयेत म्हणून बूट काढून, पायमोज्यांनिशी नाच होत, आणि तेथील वर्गमित्र पन्नास वर्षांनीही त्याच नाचांच्या आठवणी काढतात. आपल्याकडे मुलामुलींनी जोडीने नाचणे संभवनीयच नव्हते. त्याची जागा ‘गॅदरिंग’ने घेतली होती. लेझीम, कोळीनृत्य, गवळण, एखादी एकांकिका आणि ज्याची साऱ्या शाळेला धास्ती असे ते शेलापागोटे! कोणाच्या नावे कोणती खोचक ओळ वाचली गेली, हे चाळीस वर्षांनीही बिनचूक आठवते. त्या साली प्रमेय कोणते होते, हे मात्र कोणालाच आठवत नाही. यात नवल नाही. परीक्षा ज्याची त्याने दिलेली असते, नाच मात्र सर्वांनी मिळून बसवलेला असतो. जे एकत्र केले तेच एकत्र आठवता येते.

मग या भेटी आताच का वाढल्या? वयोमानाने येणारी हळवी ओढ हे एक कारण झाले. पण ती पूर्वीच्या पिढीलाही होतीच. खरे कारण संपर्काच्या खर्चात आहे. १९८० च्या दशकात पोस्टकार्ड पंधरा पैशांना मिळे, हे खरे. परंतु त्यावर लिहायला पत्ता लागे, आणि नोकरीच्या शोधात ठाणे, नाशिक वा भोसरी गाठलेल्या तरुणाचा पत्ता वर्षाला बदलत असे. परगावी फोन करणे ही तर चैनच होती. देशात १९९५ मध्ये भ्रमणध्वनी आला, २००९ मध्ये व्हॉट्सॲप निघाले आणि २०१६ नंतर इंटरनेटचे दर झपाट्याने उतरले. चाळीस माणसांना एकाच वेळी निरोप धाडण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला. कोणत्याही वस्तूची किंमत अशी कोसळली की तिचा वापर वाढणारच. मैत्रीही या नियमास अपवाद ठरली नाही.

या नव्याने जुळलेल्या धाग्यांना आर्थिक मोलही आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली ‘विरळ नात्यांचे सामर्थ्य’ या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी मिळवलेल्यांना त्यांनी विचारले, की ज्याने ही खबर दिली तो तुम्हाला किती वेळा भेटत असे? वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून खबर मिळालेले सुमारे सहांत एकच निघाले. बाकीच्यांना ती कधीमधी किंवा क्वचितच भेटणाऱ्या ओळखीच्या माणसाने दिली होती. कारण सरळ आहे. घरच्या व शेजारच्या माणसांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते. नवी माहिती येते ती दूर गेलेल्या माणसाकडून. शाळासोबती हा असाच दूर गेलेला, तरीही आपला माणूस. कचेरीत लेखनिक झालेल्या मित्राला शिष्यवृत्तीची अखेरची तारीख ठाऊक असते. वसतिगृहाचा प्रवेश, जात पडताळणीचे कागद, रुग्णालयातील योजना यांची वाट त्याला माहीत असते. डोंगरातल्या कुटुंबाला अशी एक वेळेवर मिळालेली खबर वर्षभराच्या मजुरीइतकी मोलाची ठरू शकते.

येथेच मूळ प्रश्न उपस्थित होतो. हे धागे कोणाकोणाला जोडतात? मेळाव्याची यादी बहुधा दहावीच्या तुकडीवरून तयार होते. परंतु वर्ग काही दहावीलाच सुरू होत नाही. पाचवीला नाव घातलेल्या मुलांपैकी काहींची शाळा सातवीला सुटते, काहींची नववीला. कोणाला गुरे राखावी लागतात, कोणी आईबापांबरोबर नारायणगावकडे मजुरीला जातो, कोणी गणित-इंग्रजीत नापास होऊन लाजेने परत येत नाही. दहावीला बसलेल्यांच्या छायाचित्रात ही मुले नव्हती, म्हणून चाळीस वर्षांनंतरच्या छायाचित्रातही ती नसतात. ज्यांना त्या विरळ नात्याची सर्वाधिक गरज, नेमके तेच त्याच्याबाहेर राहतात.

मुलींची कथा निराळी, पण तितकीच बोलकी आहे. ऐंशीच्या दशकात राज्याने मुलींना बारावीपर्यंत फीमाफी दिली. त्यापूर्वीच्या तुकड्यांत मुली मुळातच थोड्या. ज्या होत्या त्यांचे लग्नानंतर आडनाव बदलले, कित्येकींचे तर नावही बदलले. जुन्या नावाने शोधावे तर त्या सापडत नाहीत, आणि सापडल्या तर मिळतो तो क्रमांक भावाचा किंवा नवऱ्याचा. गॅदरिंगमध्ये गवळण झालेली मुलगी मेळाव्याला येत नाही, याचे कारण दर वेळी तिची अनिच्छा हे नसते.

स्नेहसंमेलनाच्या आठवणींतही अशाच गाळलेल्या जागा आहेत. तालीम शाळा सुटल्यावर होई. ज्याला अंधार पडण्यापूर्वी दोन डोंगर ओलांडून वाडीवर पोहोचायचे असे, तो तालमीला थांबणार कसा? भाड्याच्या पोशाखाची वर्गणी ज्याला जड, तो प्रेक्षकांत बसे. गंमत अशी, की घरी कांबडनाचात रात्र जागवणारे ठाकराचे पोर रंगमंचावरील चित्रपटगीताच्या नाचात ‘येत नाही’ म्हणून मागे ठेवले जाण्याचा संभव असे. आज त्याच कांबडनाचाला व्यासपीठावर मान मिळतो, ही समाधानाची गोष्ट. पण ते पोर त्या वेळी मागेच राहिले, हेही विसरता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, की चार मित्र घटकाभर करमणुकीसाठी जमतात. त्यांच्यावर समाजसुधारणेचे ओझे कशाला? आक्षेप रास्त आहे. मैत्री सक्तीने होत नाही, आणि कोणी कोणाला बोलवावे हे सांगण्याचा अधिकार त्रयस्थास नाही. तथापि हे मेळावे स्वतःला केवळ मित्रमंडळ म्हणवत नाहीत. ते शाळेचे नाव लावतात, शाळेच्या अंगणात भरतात आणि शाळेला देणगी देतात. ‘माजी विद्यार्थी’ ही पदवी ते धारण करतात. तेव्हा त्या पदवीवर दहावी उत्तीर्ण झालेल्यांचीच मालकी नाही, एवढे तरी मान्य व्हावे.

उपाय अवघड नाही आणि खर्चाचाही नाही. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असते. त्यात दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख आणि ‘शाळा सोडल्याचे कारण’ हा रकाना असतो. मेळाव्याची यादी निकालपत्रावरून न करता या रजिस्टरवरून करावी. पाचवीपासून वर्गात जो जो बसला, त्या प्रत्येकाचा शोध घ्यावा. मुख्याध्यापकांच्या संमतीने, कोणाची खासगी माहिती चव्हाट्यावर न मांडता, हे काम वाटून घेता येईल. एकेका वाडीची जबाबदारी एकेकाने उचलावी. निमंत्रण भ्रमणध्वनीवर न धाडता दारी जाऊन द्यावे. वर्गणी ऐच्छिक ठेवावी, म्हणजे रिकाम्या खिशामुळे कोणी घरी बसणार नाही. मुलींच्या माहेरी चौकशी करावी आणि निमंत्रण तिच्या स्वतःच्या नावाने द्यावे.

देणगीच्या बाबतीतही थोडे तारतम्य हवे. पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, वर्गखोली या शासनाने व संस्थेने पुरवायच्या गोष्टी आहेत. माजी विद्यार्थ्यांच्या औदार्याने ती जबाबदारी टळू नये. माजी विद्यार्थ्यांनी द्यावे ते जे शासनास देता येत नाही. आज नववीत गैरहजर राहू लागलेल्या मुलाच्या घरी जाऊन विचारपूस करणे, एखाद्या मुलीचा प्रवेश अर्ज मुदतीत भरून देणे, गॅदरिंगच्या दिवसांत लांबच्या वाडीवरील मुलांना मुक्कामाची सोय करून देणे, ही कामे यंत्राच्या किमतीपेक्षा स्वस्त आहेत आणि यंत्रापेक्षा अधिक टिकणारी आहेत.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर गळतीचे कारण एका ओळीत लिहिलेले असते: ‘सतत गैरहजर’ किंवा ‘पालकांच्या विनंतीवरून’. त्या एका ओळीमागे काय घडले हे शिक्षकांना पुरते ठाऊक असतेच असे नाही. शेजारच्या बाकावरील सोबत्याला ते पुष्कळदा ठाऊक असते. म्हणून ती विचारपूस करण्याचा पहिला हक्क त्याचाच आहे, आणि चाळीस वर्षे उशिरा का होईना, तो बजावण्यास आता काही खर्च पडत नाही.