चाक घरघरू लागले तर…



बैलगाडीचे वंगण संपले की चाक कुरकुरते आणि गाडीवान लगेच खाली उतरतो. ही चाकाची तक्रार आहे, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. मोटारगाडीचे चाकही अशीच तक्रार करते. पण इंजिनाच्या आवाजात ती ऐकू येत नाही, आणि आली तरी ‘चालतंय तोवर चालवू’ म्हणून आपण कानाआड करतो.

अंबरनाथ पूर्वेचेच पाहा. इ. स. १०६० चे शिवमंदिर या बाजूला आणि आनंदनगरची औद्योगिक वसाहतही याच बाजूला. मालाचे टेम्पो, स्टेशनच्या रिक्षा, खेड्यांतून भाजी-दूध आणणाऱ्या गाड्या यांची येथे सदा वर्दळ. पावसाळ्यात साचलेल्या पाण्याखाली खड्डा दिसत नाही. चाक आदळते, पाणी व चिखल सीलमधून आत शिरतात, ग्रीस पांढरट होते आणि पोलाद गंजू लागते. वर ओझे वाजवीपेक्षा जास्त! बेअरिंग झिजते ते असे.

बेअरिंग म्हणजे काय? शिक्षकांनी वर्गात एक जाडजूड पुस्तक टेबलावर बोटाने ढकलावे. मग त्याखाली चार गोल पेन्सिली आडव्या ठेवून पुन्हा ढकलावे. घासत जाण्यापेक्षा गडगडत जाणे किती सोपे, हे मुलांना तत्काळ कळेल. बेअरिंगमध्ये पेन्सिलींच्या जागी पोलादी गोळ्या किंवा रूळ असतात. आतल्या व बाहेरच्या कड्यांमध्ये ते फिरतात. त्यांच्या गुळगुळीत अंगावर बारीकसा खड्डा पडला, की दर फेऱ्याला तो वाढत जातो.

आता ओळखायचे कसे? वेगाबरोबर वाढणारी घरघर ही पहिली खूण. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा आवाज वाढला तर उजव्या चाकाचा संशय घ्यावा. मग चाक उचलून वरखाली धरून हलवावे. ते डगमगले, तर दुसऱ्याने ब्रेक दाबून धरावा. डगमग थांबली तर दोष बहुधा बेअरिंगचा. न थांबली तर इतर सांधे तपासावेत.

जीप किंवा टेम्पोच्या पुढच्या चाकात बहुधा निमुळत्या रुळांची दोन बेअरिंगे असतात. ती बदलताना गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, इतर चाकांना दगड लावावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही काम करू नये. खाली पक्का स्टँड हवाच. मग चाक, टोपी, पिन, नट आणि वॉशर काढून हब बाहेर घ्यावा. नवे रूळ जुन्या कड्यात बसवू नयेत. रूळ आणि बाहेरचे कडे ही जोडी एकत्रच बदलावी. कडे ठोकताना पितळी दांडा घ्यावा आणि चहूबाजूंनी हलके, सारखे ठोके द्यावेत. रुळांच्या जाळीवर हातोडी मारली, तर नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी जखमी होते.

हब रॉकेलने धुऊन पूर्ण कोरडा करावा. ग्रीस तळहातावर घेऊन रुळांच्या फटीफटीत दाबून भरावे. नुसते वरून फासलेले ग्रीस उपयोगाचे नाही. सील नवीच घालावी.

खरी कसोटी पुढे आहे. नट घट्ट आवळला की काम पक्के झाले, असे पुष्कळांना वाटते. पण फार आवळलेले बेअरिंग तापते, ग्रीस वितळते आणि ते जळून जाते. सैल राहिले तर चाक डुलते. म्हणून चाक फिरवीत नट आवळावा, मग सैल करावा आणि गाडीच्या पुस्तकात सांगितले असेल तेवढाच पुन्हा बसवावा. पिन नवी घालावी. पहिल्या फेरीनंतर हबला हात लावून पाहावा. दुसऱ्या बाजूच्या हबपेक्षा तो फार तापला असेल तर पुन्हा उघडावा.

आजच्या पुष्कळ मोटारींत बंद जोडबेअरिंग असते. ते बसवायला दाबयंत्र आणि नट ठरावीक जोराने आवळणारा पाना लागतो. ते काम घरी करू नये, कारखान्यातच न्यावे.

बेअरिंगचा खर्च टाळून आपण काय वाचवतो? जळलेले बेअरिंग आस खाते, मग हब खाते, आणि शेवटी भर रस्त्यात चाक अडकते किंवा निखळते. त्या वेळी गाडीत शाळेची मुले असतील, समोरून एखादी सायकल येत असेल. चाकाने तक्रार आधीच केलेली असते, बरं का! बैलगाडीवाला जसा उतरून पाहतो, तसे आपणही उतरून पाहावे.