आकडा चढतो, उतरतो. खरा रक्तदाब कोणता?

दवाखान्यात १६० वर ९५, घरी येऊन मोजावा तर १२८ वर ८०. सकाळी अंथरुणातून उठताना घेरी येते, दुपारी काही कारण नसताना छाती धडधडते आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर यातले काहीच दिसत नाही. तपासण्यांची फाइल जाड होत जाते आणि अखेरीस 'टेन्शन घेऊ नका' एवढाच सल्ला पदरी पडतो. असे रुग्ण थोडे नाहीत. स्वयंचलित यंत्रे घरोघरी आल्यापासून तर आकड्यांची संख्या वाढली, त्यांचा अर्थ मात्र लागेनासा झाला.

रक्तदाब हा उंचीसारखा स्थिर नसतो, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. जिना चढताना, बोलताना, लघवी तुंबलेली असताना तो वाढतो. निरोगी माणसाच्या झोपेत तो सुमारे १० ते २० टक्क्यांनी उतरतो. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याची रीत इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये रूढ केली आणि रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये स्टेथोस्कोपने ध्वनी ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आकडे मिळविण्याची पद्धत दाखवून दिली. शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी मोजण्यातल्या चुका काही संपलेल्या नाहीत. जाड दंडावर लहान पट्टा आवळला तर दाब आहे त्याहून जास्त दिसतो. हात खाली लोंबकळत असला, पायावर पाय टाकलेला असला किंवा मोजताना गप्पा चालू असल्या, तरी आकडा फुगतो. पाठ टेकवून पाच मिनिटे शांत बसणे, हात हृदयाच्या पातळीवर टेकविणे आणि आधीचा अर्धा तास चहा-तंबाखू टाळणे, एवढ्यानेच काहींचे 'वाढलेले बीपी' उतरते. पहिल्या भेटीत दोन्ही दंडांवर मोजणे आवश्यक असते. दोहोंत सातत्याने मोठा फरक आढळला, तर एका हाताकडे जाणारी रोहिणी अरुंद झाल्याची शंका घ्यावी लागते. गर्दीच्या दवाखान्यात यातले कितपत पाळले जाते, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

दवाखान्यात वाढणारा आणि घरी ठीक असणारा दाब 'व्हाइट कोट' म्हणून ओळखला जातो. तो निव्वळ भीतीचा खेळ समजून सोडून देता येत नाही, कारण अशांपैकी अनेकांचा दाब पुढे कायमचा वाढतो. याच्या नेमका उलटा प्रकार अधिक फसवा असतो. दवाखान्यात १३० वर ८० दाखविणाऱ्या माणसाचा दाब कामाच्या धबडग्यात किंवा रात्री झोपेत चढलेला असतो आणि हृदयाला व मेंदूला त्याचा धोका जवळपास नेहमीच्या उच्च रक्तदाबाइतकाच असतो. मोठ्याने घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या व्यक्तींत रात्रीचा दाब उतरतच नाही, असे पुष्कळदा आढळते. दंडाला यंत्र बांधून २४ तास नोंद घेतल्याखेरीज हा लपलेला दाब सहसा उघड होत नाही.

वृद्धांच्या बाबतीत प्रश्न निराळाच असतो. बसून मोजलेला दाब जास्त, म्हणून गोळी वाढविली जाते आणि रात्री लघवीला उठलेल्या आजोबांच्या डोळ्यांपुढे अंधारी येऊन ते कोसळतात. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा दाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर ते निदान पक्के समजले जाते. जुना मधुमेह, कंपवात, प्रोस्टेटसाठी दिलेली काही औषधे, लघवी वाढविणाऱ्या गोळ्या ही त्याची नेहमीची कारणे होत. कडक उन्हाळ्यात किंवा निर्जळी उपवासाच्या दिवशी त्यात पाणी कमी पडल्याची भर पडते. काहींना भरपेट जेवणानंतर अशीच ग्लानी येते. उभे करून दाब मोजण्यास तीन मिनिटे पुरतात. तेवढी काढली न गेल्याने मांडीचे हाड मोडल्यावरच कारण कळावे, ही खेदाची गोष्ट होय.

क्वचित मात्र कोड्यामागे खरोखरच दुसरा आजार दडलेला असतो. अचानक डोके ठणकणे, दरदरून घाम सुटणे आणि छाती धडधडणे ही तिन्ही लक्षणे झटक्यासारखी एकत्र येत असतील व त्याच वेळी दाब भडकत असेल, तर मूत्रपिंडावरील अॅड्रिनल ग्रंथीत गाठ असण्याची शक्यता तपासावी लागते. हा आजार दुर्मिळ आहे. पण झटका ओसरल्यावर सारे सुरळीत दिसत असल्याने असे रुग्ण वर्षानुवर्षे 'घाबरट' ठरविले जातात. लघवीतील किंवा रक्तातील मेटानेफ्रिन्सच्या चाचणीने त्याचा छडा लागतो. याच ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन जास्त स्रवण्याचा विकार जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये वर्णिला. स्नायूंत अशक्तपणा, पायांत गोळे, रात्री वारंवार लघवी आणि रक्तात पोटॅशियम कमी, असे त्याचे ठरीव चित्र. तथापि अनेकांत पोटॅशियम अगदी नेहमीसारखेच असते. पूर्वी वाटत असे त्यापेक्षा हा विकार बराच अधिक आढळतो, म्हणूनच अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने २०२५ च्या मार्गदर्शिकेत उच्च रक्तदाबाच्या सर्वच रुग्णांत त्याची चाचणी सुचविली.

कारण कधी घरातल्या डब्यातही सापडते. खोकल्यासाठी रोज चघळलेले ज्येष्ठमध दाब वाढविते व पोटॅशियम उतरविते. सांधेदुखीच्या गोळ्या, नाक मोकळे करणारी औषधे, स्टेरॉइड यांचेही तसेच. डॉक्टरांना औषधांची यादी देताना या गोष्टी सहसा गाळल्या जातात.

दिवसातून दहा वेळा यंत्र लावणाऱ्यांना चिंतेने चढलेलाच दाब मोजला जातो. त्याऐवजी सात दिवस सकाळी व संध्याकाळी, दर वेळी मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून, पहिला दिवस वगळून सरासरी काढण्याची पद्धत मान्य आहे. घरची सरासरी १३५ वर ८५ च्या पुढे गेली, तर डॉक्टरांशी बोलणे अगत्याचे. लक्षण कधी, कशानंतर आणि किती वेळ होते, हेही त्याच वहीत टिपावे. झटका आला त्या घटकेचा एक आकडा डॉक्टरांना इतर पन्नास आकड्यांहून अधिक सांगून जातो.

१८० वर १२० च्या पुढील आकड्यासोबत छातीत दुखणे, धाप, बोबडी वळणे, एका बाजूची शक्ती जाणे किंवा दिसेनासे होणे यांपैकी काहीही असल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. असे काही नसेल, तर शांत बसून पुन्हा मोजावे आणि तरीही आकडा तसाच राहिला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवण्याचा जुना घरगुती तोडगा मात्र कटाक्षाने टाळावा. त्याने दाब एकाएकी कोसळून मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठा अपुरा पडू शकतो.