बेने इस्राएल आणि मान्यतेचा प्रश्न

कोकणात शतकानुशतके तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवत असल्यामुळे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जाणारे मराठीभाषक ज्यू, म्हणजेच बेने इस्राएल, 1948 नंतर मोठ्या संख्येने इस्राएलला गेले, तेव्हा आपण स्वधर्मीयांत परतत आहोत अशी त्यांची भावना होती. तेथे ज्यूंचे विवाह रॅबिनेट, म्हणजे धर्मगुरूंच्या अधिकृत संस्थेच्या, अखत्यारीत असतात. आणि या समाजाने घटस्फोटाचे व विवाहाचे धर्मनियम पिढ्यान्‌पिढ्या काटेकोर पाळले होते की नाही, अशी शंका घेऊन 1960च्या दशकाच्या आरंभी या संस्थेने त्यांच्या विवाहापूर्वी पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला. कोकणात ज्यांच्या वेगळेपणाला कोणी आक्षेप घेतला नव्हता, त्यांना स्वधर्मीयांपुढे वंशाचे पुरावे मांडावे लागावेत, हा परकेपणा अधिकच जिव्हारी लागणारा होता. जेरुसलेममधील निदर्शनांनंतर 1964 साली क्नेसेटने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, हा समाज सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले आणि आदेशातून त्याचे नाव वगळण्यात आले.