प्रश्नावल्या कुणाच्या?

पीएच.डी.साठी मी केनवडच्या आमच्याच वस्तीत प्रश्नावल्या भरल्या. मायबहिणींनी मजुरी पाडून उत्तरे दिली. मला पदवी मिळाली, त्यांचे कागद माझ्या ट्रंकेत पडले.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची संगणकीय प्रत सक्तीची झाली. 'शोधगंगा'वर प्रबंध फुकट वाचता येतात. ही गोष्ट लहान नाही. पण प्रबंधात उरतात ती टक्केवारीची कोष्टके. कर्ज कुणाचे, किती व्याजाने, हे कुणाला पुन्हा मोजायचे तर मूळ नोंदीच हव्यात. त्या दिल्या तर आपली चूक उघडी पडेल, ही आम्हा प्राध्यापकांची खरी भीती.

आणि छापायचे कुठे? लेख छापायला काही नियतकालिके हजारो रुपये मागतात, नि ज्यांच्यावर लिहिले त्यांच्यापर्यंत तो पोचत नाही. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने परिषदच रद्द केली, तेव्हा बाबासाहेबांनी आपले भाषण स्वतः छापले. १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या.

मी आता नावे, घरक्रमांक गाळून नोंदी उतरवतो आहे. एक प्रत वस्तीत ठेवीन, एक मागेल त्या संशोधकाला देईन. चार नोंदी मात्र दोन्हींत नसतील. नाव गाळले तरी ती माणसे ओळखू येतात, आणि सावकार गावातच राहतो.